एकच निरोप, दोन अर्थ: चेतापेशी जगवणारा ट्रॅक रिसेप्टर गाठ कशी वाढवतो

उंदराच्या सार्कोमा-१८० या गाठीचा बारीक तुकडा अंड्यातल्या तीन दिवसांच्या कोंबडीच्या गर्भात रोवला, तर काही दिवसांत आसपासच्या चेतातंतूंची त्या गाठीत अक्षरशः झुंबड उडते. एल्मर ब्यूकर यांनी १९४८ मध्ये हे नोंदवलं. गाठ झपाट्याने वाढते, तंतूंना पसरायला ऐसपैस जागा मिळते, म्हणून हे होत असावं, असा त्यांचा अंदाज होता. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रिटा लेव्ही-मोंटाल्चिनी आणि व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी तोच प्रयोग पुन्हा केला, आणि त्यांना हे कारण पटेना. तंतू गाठीत तर शिरलेच होते, पण एरवी कधीही जात नाहीत अशा ठिकाणी, गर्भाच्या शिरांच्या आतसुद्धा, घुसले होते. मग गाठ गर्भाला न चिकटवता अंड्याच्या आतल्या पडद्यावर ठेवून पाहिली. आता दोघांमध्ये दुवा होता तो फक्त रक्ताचा. तरीही गर्भातले चेतापेशींचे गुच्छ फुगलेच. गाठीतून काहीतरी पाझरत होतं.

ते काहीतरी म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, एनजीएफ. १९५२ च्या सुमारास लेव्ही-मोंटाल्चिनी गाठ असलेले उंदीर विमानाने सोबत घेऊन रिओ दी जानेरोला गेल्या. तिथल्या प्रयोगशाळेत त्यांनी काचेला लटकवलेल्या थेंबात गर्भाचा चेतागुच्छ आणि गाठीचा तुकडा शेजारी ठेवून वाढवले. एका दिवसात गुच्छाभोवती तंतूंचं प्रभामंडळ उमटलं. हे प्रभामंडळच पुढे मोजपट्टी बनलं: एखाद्या द्रवात एनजीएफ आहे का, हे पाहायचं तर त्यात गुच्छ ठेवा आणि मंडळ उमटतं का बघा.

बायोकेमिस्ट स्टॅन्ली कोहेन यांनी हा पदार्थ वेगळा काढायला घेतला. तो न्यूक्लिक आम्ल आहे की प्रथिन, हे ठरवण्यासाठी त्यांनी गाठीच्या अर्कात सापाचं विष घातलं, कारण विषातलं एक एन्झाइम न्यूक्लिक आम्लं तोडतं. परिणाम कमी व्हायच्या ऐवजी प्रचंड वाढला. नुसतं विष घालून पाहिलं तरी तेच. गाठीपेक्षा विषातच एनजीएफ कितीतरी पट जास्त होतं! सापाची विषग्रंथी म्हणजे मुळात लाळग्रंथीच. म्हणून नर उंदराची लाळग्रंथी तपासली, तर तिथे खजिनाच सापडला. त्याच लाळग्रंथीच्या अर्काने नवजात उंदरांचे डोळे नेहमीपेक्षा कित्येक दिवस आधी उघडतात, हेही कोहेन यांच्या लक्षात आलं, आणि त्यातून दुसरा घटक मिळाला: एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, ईजीएफ. १९८६ मध्ये लेव्ही-मोंटाल्चिनी आणि कोहेन दोघांना नोबेल मिळालं.

चेतापेशी जगवणारा पदार्थ पहिल्यांदा सापडला तो गाठीत. चेतापेशी आणि गाठी यांचं हे नातं किती जवळचं आहे, हे कळायला पुढची कित्येक वर्षं लागली.

रिसेप्टर काय करतो

ग्रोथ फॅक्टर पेशीच्या आत शिरून काही घडवत नाही. तो बाहेरूनच दाराची बेल दाबतो. दाबण्याचं बटण म्हणजे रिसेप्टर. एनजीएफचा मुख्य रिसेप्टर ट्रॅक-ए. त्याचे दोन भाऊ आहेत: ट्रॅक-बी, ज्यावर मेंदूतला बीडीएनएफ हा ग्रोथ फॅक्टर बसतो, आणि ट्रॅक-सी, ज्यावर न्यूरोट्रॉफिन-३ बसतो. तिघांची घडण सारखी. एक डोकं पेशीबाहेर, एकच दोरा पेशीपटलातून आरपार, आणि आतल्या बाजूला शेपूट. या शेपटीत कायनेज नावाचं यंत्र असतं. प्रथिनावरच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चिकटवणं हे त्याचं काम.

एनजीएफचा रेणू जोडीने फिरतो. ११८ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या एकमेकींना बिलगलेल्या असतात. ही जोडी पेशीवर आली की दोन ट्रॅक-ए तिच्या दोन बाजूंना धरतात. बाहेर डोकी जवळ आली की आत शेपट्याही जवळ येतात, आणि एक कायनेज दुसऱ्याच्या शेपटीवर फॉस्फेट चिकटवतं. आधी यंत्राच्या तोंडाशी असलेल्या तीन टायरोसिनवर, म्हणजे यंत्र पूर्ण वेगात येतं. मग ४९० आणि ७८५ क्रमांकाच्या टायरोसिनवर. हे दोन म्हणजे खुंट्या. त्यांना आतली मध्यस्थ प्रथिनं येऊन अडकतात.

तिथून तीन वाटा फुटतात. रास-राफ-मेक-अर्क (इथे अर्क म्हणजे ईआरके हे प्रथिन) ही प्रथिनांची साखळी केंद्रकापर्यंत जाऊन जनुकं चालू करते. पीआय-३ कायनेज आणि एकेटी ही वाट ‘मरू नकोस’ असं सांगते. फॉस्फोलायपेज-सी ही तिसरी वाट कॅल्शियम हलवते आणि चेतापेशीच्या जोडण्यांवर काम करते. या तिन्ही वाटा शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत आहेत. ईजीएफचा रिसेप्टरही त्याच वापरतो. इन्सुलिनचा मुख्यतः त्यांतल्या पहिल्या दोन वापरतो. तेव्हा प्रश्न असा की तार तीच, तर निरोपाचे अर्थ इतके वेगळे कसे?

पीसी-१२: एकाच पेशीत दोन उत्तरं

या प्रश्नाचं सर्वांत सुरेख उत्तर एका गाठीच्याच पेशींनी दिलं. उंदराच्या जातीतल्या मोठ्या प्राण्याच्या, म्हणजे रॅटच्या, ॲड्रिनल ग्रंथीतल्या गाठीपासून १९७६ मध्ये पीसी-१२ या पेशी तयार झाल्या. त्यांना ईजीएफ द्या, त्या विभाजित होत राहतात. एनजीएफ द्या, विभाजन थांबतं, लांब तंतू फुटतात आणि आठवड्याभरात बशीतल्या पेशी सिम्पथेटिक (घाम, हृदयाचे ठोके अशी कामं आपोआप चालवणाऱ्या) चेतापेशींसारख्या दिसू लागतात. दोन्ही घटक अर्कची तीच साखळी पेटवतात.

फरक वेळेचा आहे. ईजीएफने अर्क पाचेक मिनिटांत शिखर गाठतं आणि तासाभराच्या आत विझतं. एनजीएफने ते कित्येक तास पेटलेलं राहतं. ईजीएफचा रिसेप्टर निरोप मिळताच पेशीत ओढला जातो, त्यावर ‘नष्ट करा’ अशी खूण लागते आणि बरेचसे रिसेप्टर मोडीत निघतात. ट्रॅक-ए मात्र आत ओढला गेल्यावरही छोट्या पिशवीत बसून काम चालूच ठेवतो. याची खातरजमाही झाली. पीसी-१२ मध्ये ईजीएफचे रिसेप्टर मुद्दाम खूप वाढवले, तर अर्क जास्त वेळ पेटून राहतं, आणि मग ईजीएफनेही तंतू फुटतात. म्हणजे अर्थ रेणूत नव्हता. निरोप किती जोराने आणि किती वेळ वाजतो, यात होता.

हा प्रयोग कॉलेजच्या प्रयोगशाळेतही करता येतो, पण फसतो तो ठरावीक कारणांनी. पीसी-१२ नुसत्या प्लॅस्टिकवर नीट चिकटत नाहीत, पुंजके करतात. म्हणून बशीला कोलॅजनचा थर हवा. पेशी विरळ पेरायच्या, नाहीतर तंतू कोणाचा कुठला हे मोजता येत नाही. सीरम एक टक्क्यापर्यंत खाली आणायचं, एनजीएफ मिलिलिटरला ५० ते १०० नॅनोग्रॅम ठेवायचं आणि दर दोन-तीन दिवसांनी माध्यम बदलायचं. इतक्या विरळ द्रावणातलं एनजीएफ नळीच्या भिंतीलाच चिकटून संपतं, म्हणून साठ्यात ०.१ टक्का अल्ब्युमिन घालतात आणि लहान भाग करून गोठवतात. तीच नळी पुन्हा पुन्हा वितळवली-गोठवली की ताकद जाते. पेशीच्या शरीराच्या दुपटीपेक्षा लांब तंतू असेल तरच तो मोजायचा, हा साधारण नियम. आणि ईजीएफची बशी सोबत हवीच, नाहीतर प्रयोग अर्धाच राहिला.

चेतापेशीतली लांब वाट

खऱ्या चेतापेशीत आणखी एक अडचण असते: अंतर. पायाच्या बोटाची जाणीव नेणाऱ्या पेशीचं शरीर कण्याजवळ, आणि तिचा तंतू प्रौढ माणसात एक मीटरपर्यंत लांब. एनजीएफ तयार होतं त्वचेत. निरोप केंद्रकापर्यंत पोचायचा कसा? नुसतं विरघळून पसरत जाणं इतक्या अंतरावर चालत नाही. म्हणून एनजीएफ आणि ट्रॅक-ए यांची पिशवीच डायनीन नावाच्या चालक प्रथिनावर बसून उलट प्रवास करते. वेग सेकंदाला एक मायक्रोमीटर धरला, तर तासाला साडेतीन मिलिमीटरच्या आसपास, आणि एक मीटरला अकरा-बारा दिवस. काही पिशव्या याहून जलद जातात, पण प्रवास दिवसांचाच.

रॉबर्ट कॅम्पेनॉट यांनी १९७७ मध्ये तीन कप्प्यांची बशी करून हे दाखवलं. पेशीची शरीरं मधल्या कप्प्यात, तंतू कडेच्या कप्प्यांत. एनजीएफ फक्त तंतूंच्या टोकाला दिलं तरी पेशी जगते. एका बाजूच्या कप्प्यातलं एनजीएफ काढलं, तर तिकडचे तंतू सुकत जातात आणि दुसऱ्या बाजूचे टिकतात.

गर्भात चेतापेशी गरजेपेक्षा खूप जास्त तयार होतात. कित्येक गटांत त्यांपैकी निम्म्याच्या आसपास मरतात. त्वचा, रक्तवाहिनी, ग्रंथी ज्या थोड्या प्रमाणात एनजीएफ सोडतात, त्यावर ज्या तंतूंचा हात पोचतो त्या पेशी वाचतात. शिवाय पी-७५ नावाचा वेगळाच रिसेप्टर असतो. एनजीएफचं पूर्ण न घडलेलं, कच्चं रूप त्यावर आणि सॉर्टिलिन या जोडीदारावर एकत्र बसलं, तर पेशीला मरण्याचा निरोप जातो. तोच घटक घडलेला असला तर जगवतो आणि कच्चा असला तर मारतो.

ट्रॅक-ए जन्मतःच बिघडलेला असेल तर काय होतं, हे एका दुर्मिळ आजारातून दिसतं. त्या मुलांना वेदना कळत नाही आणि घाम येत नाही. कारण वेदना नेणाऱ्या बारीक पेशी आणि घामाच्या ग्रंथींकडे जाणाऱ्या सिम्पथेटिक पेशी, दोन्ही एनजीएफवर जगतात. ट्रॅक-ए नसेल तर दोन्ही गर्भातच मरतात. या मुलांत ट्रॅक-ए चं जनुक एनटीआरके-१ (ट्रॅक-बी आणि सी ची जनुकं एनटीआरके-२ आणि ३) बिघडलेलं असतं, हे १९९६ मध्ये कळलं. घाम नाही म्हणून उन्हाळ्यात ताप चढतो, वेदना नाही म्हणून जीभ चावली जाते, हाड मोडलं तरी मूल खेळत राहतं.

गाठीत बेल अडकते तेव्हा

आता कर्करोगाकडे. १९८० च्या दशकात मारियानो बार्बासिद यांच्या गटाला मोठ्या आतड्याच्या एका गाठीत पेशींना कर्करोगी बनवणारं एक विचित्र जनुक सापडलं. त्याचा पुढचा अर्धा भाग ट्रोपोमायोसिन या स्नायूंत ओळखलेल्या प्रथिनाचा आणि मागचा अर्धा एका अनोळखी कायनेजचा होता. ट्रॅक (ट्रोपोमायोसिन-रिसेप्टर-कायनेज) हे नाव या जोडीवरून पडलं. त्याची रचना छापून आली १९८६ मध्ये, म्हणजे एनजीएफला नोबेल मिळालं त्याच वर्षी. त्या कायनेजचं आणि एनजीएफचं नातं तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. १९९१ मध्ये कळलं की हाच एनजीएफचा रिसेप्टर. एक धागा कोंबडीच्या गर्भातून आला, दुसरा आतड्याच्या गाठीतून, आणि दोन्ही एकाच रेणूवर येऊन मिळाले.

अशा जोडाला फ्यूजन म्हणतात. गुणसूत्र तुटून चुकीच्या जागी सांधलं जातं आणि दोन जनुकं एका ओळीत येतात. ट्रॅकचं बाहेरचं डोकं गळून जातं, कायनेज शाबूत राहतं. पुढे जोडलेला परका तुकडा तीन गोष्टी करतो. तो स्वतःसारख्या तुकड्यांना बिलगतो, त्यामुळे एनजीएफशिवायच कायनेजच्या शेपट्या कायम जवळ राहतात. ट्रॅक एरवी ज्या पेशीत नसतोच, तिथे तो परक्या जनुकाच्या हुकमाने भरपूर बनू लागतो. आणि बहुतेक जोडांना पेशीपटलावर बसण्याची सोय नसल्याने आत ओढून नष्ट करण्याचा नेहमीचा मार्ग त्यांना लागू पडत नाही. बेलचं बटण आत रुतून बसलेलं आहे.

प्रौढ चेतापेशी विभाजनाची दारं बंद करून बसलेली असते, म्हणून तिथे कायमच्या निरोपाचा अर्थ ‘जग, तंतू वाढव’. लाळग्रंथीच्या किंवा संयोजी ऊतीच्या पेशीत ती दारं उघडी असतात. तिथे अर्थ होतो ‘जग, विभाजित हो’. याची उलट बाजूही मुद्दाम सांगण्यासारखी आहे. लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमात, म्हणजे कच्च्या चेतापेशींच्या गाठीत, ट्रॅक-ए जास्त असणं हे चांगलं लक्षण मानलं जातं. अशा गाठी शांत होण्याकडे किंवा विरण्याकडे झुकतात. वाईट वागणाऱ्या गाठींत बहुधा ट्रॅक-बी आणि त्याचा बीडीएनएफ दोन्ही पेशी स्वतःच बनवतात. ‘ट्रॅक सापडला’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

फ्यूजन सगळ्या घन गाठींत मिळून एक टक्क्याहून कमी. पण काही दुर्मिळ कर्करोगांत ते जवळजवळ ओळखपत्रच आहे. बाळांमधला इन्फंटाइल फायब्रोसार्कोमा, स्तनाचा आणि लाळग्रंथीचा सिक्रीटरी कार्सिनोमा यांत ईटीव्ही-६ आणि एनटीआरके-३ यांचा जोड बहुसंख्य रुग्णांत मिळतो.

चाचणी कुठे चुकते

हा भाग रुग्णाच्या घरच्यांनीही समजून घ्यावा, कारण औषध मिळणं-न मिळणं इथे ठरतं. पहिली पायरी बहुधा रंगचाचणी, आयएचसी: ट्रॅक प्रथिन गाठीत आहे का. ती स्वस्त आणि जलद. पण मेंदूची गाठ, न्यूरोब्लास्टोमा आणि गुळगुळीत स्नायूंच्या गाठींत निरोगी ट्रॅकही रंगतो, म्हणून तिथे ‘पॉझिटिव्ह’चा अर्थ फ्यूजन असा होत नाही. उलट एनटीआरके-३ चे काही जोड फिके रंगतात आणि सुटून जातात. फिश चाचणीत जनुक तुटलंय का ते रंगीत ठिपक्यांतून दिसतं, पण तीन जनुकांना तीन वेगळ्या चाचण्या लागतात. डीएनएच्या एनजीएस पॅनेलमध्ये (एकाच वेळी अनेक जनुकांची अक्षरं वाचणारी चाचणी) अडचण अशी की एनटीआरके-२ आणि ३ मधले प्रथिनाची माहिती नसलेले पट्टे (इंट्रॉन) फार लांब आहेत, तुटण्याची जागा त्यांत लपते. म्हणून शंका असेल तर आरएनएवरची एनजीएस चाचणी सर्वांत भरवशाची; ती प्रत्यक्ष जोडलेला संदेशच वाचते.

आरएनए नाजूक असतो. बायोप्सीचा तुकडा लगेच दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रवात पडायला हवा. साध्या, आंबटलेल्या फॉर्मलिनमध्ये नको. त्यात तो ६ ते ७२ तासच राहावा. हाडाचा तुकडा मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं तर न्यूक्लिक आम्लांचा चुराडा होतो. तिथे ईडीटीए हे सौम्य रसायन वापरायला आधीच सांगून ठेवावं. तुकडा साठवलेला मेणाचा ब्लॉक जुना असेल, किंवा तुकड्यात गाठीच्या पेशी २० टक्क्यांहून कमी असतील, तर ‘फ्यूजन नाही’ या निकालाकडे सावधपणे बघावं. चांगल्या अहवालात आरएनएचा दर्जा लिहिलेला असतो. तो नापास असेल तर निकाल ‘नाही’ नव्हे, ‘कळलं नाही’ असा आहे.

अहवालात एनटीआरकेचं नाव दिसलं की आशा वाटते, पण शब्द नीट वाचावेत. फ्यूजन हवं, आणि त्यात कायनेजचा भाग शाबूत आणि वाचनाची चौकट जुळलेली (म्हणजे जोडापुढचा संदेशही बरोबर वाचला जाणारा) हवी. नुसतं ‘म्युटेशन’ (अक्षरबदल) किंवा ‘ॲम्प्लिफिकेशन’ (जनुकाच्या प्रती वाढणं) लिहिलेलं असेल तर या औषधांचा उपयोग गृहीत धरता येत नाही.

औषध, आणि चेतापेशींची आठवण

लॅरोट्रेक्टिनिब हे ट्रॅक अडवणारं औषध. कायनेजच्या ज्या खोबणीत फॉस्फेट पुरवणारा एटीपी हा रेणू बसतो तिथे ते जाऊन बसतं. २०१८ मध्ये छापलेल्या पहिल्या मोठ्या निकालात ५५ रुग्ण होते, चार महिन्यांच्या बाळापासून ७६ वर्षांपर्यंत, १७ प्रकारच्या गाठी. त्यांपैकी सुमारे ७५ टक्क्यांच्या गाठी ठळकपणे आकसल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि तीही गाठ कोणत्या अवयवाची आहे हे न पाहता. प्रौढांचा नेहमीचा डोस १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. २०१९ मध्ये आलेलं एन्ट्रेक्टिनिब ६०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, आणि ते मेंदूत चांगलं पोचतं. आपल्याकडे क्षयरोग घराघरांत आहे, म्हणून एक सूचना ठळकपणे: टीबीवरचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर यकृत लॅरोट्रेक्टिनिब फार वेगाने संपवतं आणि रक्तातली पातळी पडते. ऑन्कॉलॉजिस्टला टीबीच्या गोळ्यांबद्दल सांगायलाच हवं. बुरशीवरचं इट्राकोनाझोल उलट पातळी चढवतं.

काही काळाने गाठ पुन्हा डोकं वर काढते तेव्हा बऱ्याचदा खोबणीच्या तोंडाशी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. ट्रॅक-ए मध्ये ५९५ व्या जागी ग्लायसिनच्या जागी आर्जिनिन येतं. हा मोठा रेणू आडवा येतो आणि औषध आत बसत नाही. रेपोट्रेक्टिनिब आकाराने आटोपशीर असल्याने या अडथळ्याच्या बाजूने आत शिरतं. २०२४ मध्ये त्याला एनटीआरके फ्यूजनसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. काही गाठी मात्र ट्रॅकला वळसा घालून रास-राफची खालची वाट थेट पेटवतात. तिथे औषध बदलून भागत नाही, म्हणून गाठ वाढली की शक्य असल्यास पुन्हा बायोप्सी घेऊन चाचणी करतात.

या औषधांचे दुष्परिणाम समजायला वरचं सगळं उपयोगी पडतं. औषधाला गाठीतला ट्रॅक आणि चेतापेशीतला ट्रॅक वेगळा ओळखता येत नाही. मेंदूतला ट्रॅक-बी भूक आवरतो. तो जन्मतः बिघडलेल्या एका मुलात तीव्र लठ्ठपणा असल्याचं २००४ मध्ये नोंदलं गेलं. औषधाने तो दबला की भूक आणि वजन वाढतं. चक्कर येते, तोल जातो, विशेषतः पटकन उभं राहताना. आणि सर्वांत अनपेक्षित त्रास औषध थांबवल्यावर होतो. ऑपरेशनसाठी किंवा गोळ्या संपल्या म्हणून डोस चुकला, तर काही रुग्णांचं एक-दोन दिवसांत सगळं अंग दुखू लागतं, नुसत्या स्पर्शानेही वेदना होते. गाठ वाढली असं वाटून घरचे घाबरतात. खरं तर वेदनेच्या पेशींवरचा ट्रॅक-ए इतके महिने दबलेला होता, तो एकदम मोकळा झालेला असतो. गोळ्या पुन्हा सुरू केल्या की दुखणं बहुधा उतरतं. औषध कायमचं थांबवायचं असेल तर डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने कमी करतात, आणि प्रवासाला निघताना चार-पाच दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या ठेवायला सांगतात.